नवा इस्टेट एजंट आणि पहिल्या दोन वर्षांतल्या महागड्या चुका

या धंद्यात शिरायला भांडवल लागत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. एक मोबाइल, एक दुचाकी आणि ओळखीपाळखीची चार माणसं असली की झालं. पुण्या-मुंबईत, नाशिकला, नागपूरला याच भरवशावर कितीतरी मुलं-मुली इस्टेट एजंट होतात आणि त्यातली बरीच दोन वर्षांच्या आत पुन्हा नोकरी शोधायला लागतात. बोलण्यात ती कमी पडत नाहीत. त्यांचा कामाचा क्रम चुकतो. आधी फ्लॅट दाखवायचा, मग घाईने टोकन (व्यवहार पक्का करायला दिलेली आगाऊ रक्कम) घ्यायचं आणि कागद वकील बघतील म्हणून मागे ठेवायचे. घर मनात भरलं, बायकोने देवघराची जागा ठरवली, मुलाने आपली खोली निवडली, की त्यानंतर कागदातली खोट पार्टीला सांगणं फार अवघड होतं. एजंटही मग गप्प बसतो आणि तिथून पुढे सगळं बिघडत जातं.

म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्याव्यात. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत.

पायरी पहिली: नोंदणी आधी, व्हिजिटिंग कार्ड नंतर

‘सहा महिने धंदा करून बघू, जमलं तर नोंदणी करू’ असा विचार नवखे करतात. रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा, 2016 चा आणि 1 मे 2017 पासून तो पूर्णपणे लागू झाला. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकायला मदत करायची तर एजंटाचीही महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी हवी. ती नसेल तर दंड दिवसाला दहा हजार रुपये, आणि तो वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एका फ्लॅटवर मिळणारी दलाली साधारण एक-दोन टक्के असते, हे लक्षात घेतलं तर आकड्याचा अर्थ कळेल.

महाराष्ट्रात आता एजंटाला प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन महारेराचं प्रमाणपत्रही मिळवावं लागतं. काहींना ती कटकट वाटते. माझं मत उलट आहे. कार्पेट एरिया म्हणजे काय, बिल्डरच्या जबाबदाऱ्या कोणत्या, करारनाम्यात काय असतं, हे सगळं त्या अभ्यासात येतं. पाठ करून पास होण्यापेक्षा समजून घ्या, पुढे रोज लागतं.

जाहिरातीचीही शिस्त याच वेळी लावून घ्या. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड देणं बंधनकारक आहे. बिल्डरच्या माणसाने पाठवलेलं चित्र तसंच्या तसं स्टेटसला ठेवायची सवय लावू नका. कोड स्कॅन करा, प्रकल्पाचं पान उघडा, ताब्याची जाहीर केलेली तारीख आणि प्रकल्पावर चालू असलेले दावे वाचा. पाच मिनिटांचं काम आहे. गिऱ्हाईक ते पान तुमच्या आधी वाचून आलं तर तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. आणि नोंदणीच न झालेल्या प्रकल्पाचं ‘प्री-लॉन्च’ बुकिंग कितीही गोड दराने आलं तरी हात लावू नका. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि फ्लॅट आठापेक्षा जास्त असले की नोंदणी लागतेच, आणि नोंदणीशिवाय जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही.

पायरी दुसरी: एकच भाग निवडा

बाणेरचा टू बीएचके, उंड्रीचा रो हाऊस, तळेगावचा प्लॉट, कोथरूडचं दुकान, सगळंच विकायला घेणारा एजंट दिवसभर पेट्रोल जाळतो आणि कुठल्याच जागेबद्दल ठाम काही सांगू शकत नाही. चालत फिरता येईल एवढा भाग घ्या. त्यातल्या वीस-पंचवीस सोसायट्यांची वही करा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) कधी मिळालं, महापालिकेचं पाणी येतं की उन्हाळ्यात टँकर लागतात, मेंटेनन्स किती, पार्किंग झाकलेलं की उघडं आणि ते कागदावर कोणाला दिलंय, लिफ्ट किती, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का. वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी, कोपऱ्यावरचा किराणावाला यांच्याशी ओळख ठेवा. पुण्याच्या कडेच्या उपनगरांत टँकरचा प्रश्न घर घेतल्यावर कळतो आणि मग मेंटेनन्सच्या बिलातून दर महिन्याला टोचत राहतो. तो तुम्ही आधीच सांगितलात तर गिऱ्हाईक पळून जाईल असं वाटतं. सहसा जात नाही. पुढच्या इमारतीबद्दल ते तुम्हालाच विचारतं.

भाव समजून घ्यायला नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरचा ई-सर्च वापरा. तिथे सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, तो बघता येतो. कोणता फ्लॅट कोणत्या तारखेला किती रकमेला नोंदवला गेला, हे त्यात असतं. पोर्टलवरचे भाव हे मालकांच्या अपेक्षा असतात. इंडेक्स टूवर नोंदवलेले व्यवहार असतात. आठवड्यातून एक सकाळ आपल्या भागाच्या नोंदी वाचण्यात घालवा.

पायरी तिसरी: घर दाखवण्याआधी कागद

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक मोठी नुकसानं इथेच होतात.

रिसेलचा फ्लॅट यादीत घेताना मालकाला पहिल्याच भेटीत कागदांचे फोटो मागा. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतच्या सगळ्या करारनाम्यांची साखळी, प्रत्येकाचा इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), भोगवटा प्रमाणपत्र, चालू वर्षाची मिळकतकराची पावती, वीजबिल आणि मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र. मालक म्हणाला, ‘आधी पार्टी आणा, मग कागद दाखवतो,’ तर नम्रपणे सांगा की पार्टी पहिल्या फोनवर हेच विचारते. कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात. मग बाकी किती आहे आणि फोरक्लोजर लेटर (कर्ज फेडून बंद करायची रक्कम सांगणारं पत्र) मिळायला किती दिवस लागतील, हे बँकेकडून लेखी घ्यायला लावा. खरेदीदारही कर्जच घेणार असेल तर दोन बँकांमधली ही देवाणघेवाण अनेक आठवडे चालते, आणि ते वेळापत्रक टोकनच्या आधीच माहीत असायला हवं.

मग मालक कोण, हा प्रश्न. तो वाटतो तितका सोपा नाही. करारनाम्यावर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर दोघांची संमती हवी, ती आज घरी आहे की माहेरी गेलीय याला अर्थ नाही. वडील वारले आणि शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लागलं, एवढ्यावर तो मुलगा एकटा फ्लॅट विकू शकतो असं नवखे एजंट धरून चालतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू गृहस्थाच्या स्वकष्टार्जित फ्लॅटवर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, या सगळ्यांचा समान हक्क येतो. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि तेव्हा वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरीही आपल्याकडे ‘बहिणी कशाला हिस्सा मागतील, त्यांची लग्नं झालीत’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. एजंटाने या वाक्यावर व्यवहार उभा करू नये. बहिणीला खरोखर हिस्सा नको असेल तर ती नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देईल. मागायचा असेल तर तो तिचा आहे, आणि तिला अंधारात ठेवून मिळालेली दलाली घ्यायच्या लायकीची नाही.

जमिनीच्या व्यवहारात पहिली दोन वर्षं तरी वकिलाशिवाय पडू नका. सातबारा आता घरबसल्या मिळतो, पण तो वाचता आला पाहिजे. भोगवटादार वर्ग दोन (हस्तांतरणावर बंधनं असलेली जमीन) लिहिलेलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जमीन हस्तांतरित होत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, वारसांची नोंद, न्यायालयाचा आदेश असं काहीही दडलेलं असतं, आणि नवखी नजर नेमकी तीच ओळ ओलांडून क्षेत्रफळावर जाते. सातबाऱ्यावरून मागे जात फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा, जमीन या नावावर कशी आली ते त्यातून उलगडतं. शेतकरी नसलेल्या माणसाला कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. मुंबईच्या गिऱ्हाइकाला मुळशीत शेत दाखवण्याआधी त्याच्या नावावर सातबारा आहे का, हे विचारा. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे शेतजमिनीचे तुकडे नोटरीच्या कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ ॲटर्नी) विकणाऱ्यांपासून लांब राहा. तुकडेबंदी कायद्याखाली 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे आहे. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे. अशा प्लॉटमध्ये पैसे अडकतात ते रिक्षावाल्यांचे, घरकाम करणाऱ्या बायकांचे, गावाहून आलेल्या कामगारांचे. दाव्यासाठी वकील लावायची त्यांची ऐपत नसते.

नवी मुंबईत काम करत असाल तर सिडकोची जमीन लीजवर असते, हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं. म्हाडाच्या सोडतीतलं घर पाच वर्षं विकता येत नाही. ‘आत्ता पैसे द्या, पाच वर्षांनी नावावर करून देतो’ अशी ऑफर आली तर फोन ठेवून द्या.

हे सगळं झाल्यावरही शेवटचा शब्द वकिलाचा. साधारण तीस वर्षांचा मालकीचा शोध अहवाल आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस यांचा खर्च खरेदीदाराला जास्त वाटतो. एजंट म्हणून तुम्ही त्याची बाजू घेऊन ‘करू नका, काही लागत नाही’ असं कधीही म्हणू नका.

पायरी चौथी: गिऱ्हाइकाचं बजेट खरं किती आहे ते काढा

‘सत्तर लाखांपर्यंत चालेल’ हे ऐकून सत्तर लाखांचे फ्लॅट दाखवायला सुरुवात करणं ही अगदी नेहमीची चूक. कागद-पेन घेऊन समोर बसा. पुण्यात 70 लाखांच्या फ्लॅटवर मुद्रांक शुल्क सात टक्के धरलं तर 4 लाख 90 हजार, नोंदणी शुल्क 30 हजार. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेतीन लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. आता कर्ज. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं, आणि त्या किमतीत मुद्रांक व नोंदणी धरत नाहीत. म्हणजे फार तर 56 लाख कर्ज. रिसेलच्या तयार घरासाठी सुद्धा खिशातून 14 लाख अधिक 5 लाख 20 हजार, असे 19 लाखांच्या वर लागणार. त्यात तुमची दलाली, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क, रंगकाम. हा हिशेब ऐकून अनेक कुटुंबं स्वतःहून म्हणतात, साठपर्यंतच बघू. त्यात तुमचेही पाच-सहा रविवार वाचतात.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर निवासी घरावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, वरच्या उदाहरणात 70 हजार रुपये. हे न विचारता सांगा. आणि किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस (मुळातच कापायचा आयकर) कापून सरकारकडे भरायचा असतो, हे विक्रेत्याच्याही कानावर आधीच घाला. नोंदणीच्या दिवशी ‘माझे सत्तर हजार का कापले’ म्हणून वाद होतात. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर गोष्टच वेगळी, तिथे एक टक्क्याचा नियम चालत नाही, कपात बरीच मोठी असते आणि चार्टर्ड अकाउंटंट टोकनच्या आधी हवा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांनी विकायला काढलेले कोथरूड-डेक्कनचे फ्लॅट वाढताहेत, त्यामुळे हे शिकून घ्या. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं, हेही.

क्षेत्रफळाच्या बाबतीत फक्त कार्पेट बोला. रेराने त्याची व्याख्या करून ठेवली आहे. घराच्या आतल्या भिंती त्यात येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस येत नाहीत. 65 लाखांचा 650 फूट कार्पेटचा फ्लॅट दहा हजार रुपये फुटाने पडतो. तोच ‘सेलेबल 900’, म्हणजे भिंती आणि जिना-लिफ्टचा वाटा धरून, म्हणून सांगितला की सव्वासात हजार ऐकू येतो. दोन फ्लॅटची तुलना करताना एकाचं कार्पेट आणि दुसऱ्याचं सेलेबल धरलं गेलं तर तुम्ही गिऱ्हाइकाला चुकीच्या घरात पाठवाल.

पायरी पाचवी: टोकन

टोकन स्वतःच्या खात्यात घेऊ नका. मालकाच्या खात्यात, चेकने किंवा बँकेतून. रोख तर नाहीच. मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

टोकनची पावती साध्या मराठीत, एका पानावर लिहा. ठरलेली एकूण किंमत, पार्किंग आणि फर्निचरसकट की शिवाय, साठेखत (विक्रीचा करारनामा) किती दिवसांत, उरलेले पैसे कोणत्या टप्प्यात, ताबा कधी. मग ज्यावरून भांडणं होतात ती तीन वाक्यं. कर्ज नामंजूर झालं तर टोकन परत मिळणार का, कागदात दोष निघाला तर काय, आणि कुणा एकाने मन बदललं तर काय. दोन्ही बाजूंच्या सगळ्या सहमालकांच्या सह्या. बिल्डरकडे बुकिंग असेल तर नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम तो घेऊ शकत नाही, हे गिऱ्हाइकाला तुम्ही सांगा.

मालक ‘आजच टोकन द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय’ म्हणतो तेव्हा नवख्या एजंटाचा धीर सुटतो. अशा वेळी पार्टीला ढकलू नका. कागद आधीच पाहिले असतील तर आजच टोकन द्यायला हरकत नसते, पाहिले नसतील तर उद्यापर्यंत थांबायचं. ती दुसरी पार्टी खरी असली तरी.

भाड्याची कामं

यांना कमी लेखू नका. पहिल्या वर्षाचं घरभाडं याच कामांतून सुटतं, आणि आज वन बीएचके भाड्याने घेणारं जोडपं पुढे याच भागात घर घेतं. चूक होते ती करारात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असा समज फार पसरलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची आहे आणि न नोंदवल्यास तुरुंगवास किंवा दंडाची तरतूद आहे. करार नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जाऊ शकतं. हे सांगितल्यावर कुठलाही मालक नोंदणीला तयार होतो. आता ती आधारवर घरीच होते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन देऊन टाका, आणि घराच्या प्रत्येक खोलीचे, मीटरच्या आकड्याचे फोटो ताबा देतानाच दोघांना पाठवा. डिपॉझिटची निम्मी भांडणं त्याने मिटतात.

पायरी सहावी: स्वतःची दलाली

दलालीचं बोलायला लाज वाटते, म्हणून नवखे शेवटपर्यंत गप्प राहतात आणि नोंदणीच्या दिवशी ‘अहो, तुम्ही तर फक्त चावी आणलीत’ हे ऐकतात. पहिली साईट दाखवण्याआधी एक संदेश पाठवा. किती टक्के, कोणत्या बाजूने, कधी देय आणि जीएसटी लागू असेल तर वेगळा. ‘ठीक आहे’ असं उत्तर आल्यावरच निघा. दुसऱ्या एजंटाची पार्टी असेल तर वाटणीही तेव्हाच लिहून घ्या.

आपली अर्धी दलाली गिऱ्हाइकाला परत देऊन बुकिंग ओढायची पद्धत बोकाळली आहे. ती धरू नका. त्या गिऱ्हाइकाने तुम्हाला निवडलेलं नसतं, सवलतीला निवडलेलं असतं.

बिल्डरकडून येणारी रक्कम करारनामा नोंदवून, गिऱ्हाइकाचा ठरलेला हप्ता आल्यावर, बिल दिल्यावर आणि मग त्यांच्या सोयीने येते. त्यातून टीडीएस कापला जातो. तो आयकर खात्याच्या 26एएस या तुमच्या करनोंदीत दिसतो का ते बघत जा, विवरणपत्र भरून परतही मिळू शकतो. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की 18 टक्के जीएसटी लागू होतो. आलेल्या प्रत्येक दलालीतला कराचा भाग दुसऱ्या खात्यात टाकून विसरून जा. आणि निदान सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असल्याशिवाय नोकरी सोडू नका, कारण रिकाम्या खिशाचा एजंट नको त्या व्यवहाराला हो म्हणतो.

नोंदणीनंतरचे पंधरा दिवस

दलाली मिळाली की एजंट फोन उचलत नाही, ही लोकांची तक्रार खरी आहे. नोंदणीनंतर शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायला सोसायटीत अर्ज करायचा असतो, त्याचे फॉर्म तुम्ही भरून द्या. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य म्हणून जास्तीत जास्त 25 हजार रुपये घेता येतात. 9 ऑगस्ट 2001 च्या शासन निर्णयाची प्रत मोबाइलमध्ये ठेवा, कमिटीने ‘डोनेशन’ मागितलं तर दाखवता येते. मिळकतकराच्या नोंदीत नाव बदलायला इंडेक्स टूची प्रत लागते. महावितरणचा अर्ज ऑनलाइन होतो, मात्र जुन्या मालकाचं बिल शून्य करून घ्या. गॅस जोडणी, पार्किंगचा स्टिकर, गेटवरच्या ॲपमध्ये नाव आणि जुन्या मालकाकडे राहिलेली डबल चावी, हेही त्याच पंधरा दिवसांत उरका.